वैनगंगेवर एका दिवसाची कयाक ट्रिप: वडसा ते आरमोरी जमेल का?

ब्रम्हपुरीचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, सगळे ब्रम्हपुरी-नागभीडकडचे, आता नोकरीपायी नागपुरात. हवा भरायच्या दोन कयाक (वल्ह्यानं चालवायच्या लहान होड्या) घेतल्या आहेत, तलावात भरपूर चालवून हात बसला आहे, आता नदीवर जायचं आहे आणि नदी म्हटली की आपल्याला वैनगंगाच. लहानपणापासून पुलावरून पाहत आलो, पण मधातून कधी पाहिली नाही.

विचार असा आहे की डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी सकाळी वडश्याच्या पुलाखाली उतरायचं आणि संध्याकाळी आरमोरी-ब्रम्हपुरी रोडवरच्या पुलापाशी बाहेर निघायचं. रस्त्यानं वीसेक किलोमीटर आहे, नदी वळसे घेते म्हणून थोडं जास्त धरलं. एका दिवसात होईल का? तेव्हा पाणी पुरेसं असते का? एक मित्र म्हणतो अंभोऱ्याला जाऊ, पाच नद्यांचा संगम आहे, पाणी पण भरपूर. दुसऱ्याला थेट प्राणहिता नदी पाहिजे. घरचे घाबरून आहेत, त्यामुळे ज्यांना नदी माहीत आहे त्यांनी प्लीज मोकळेपणानं सांगा.

वडसा_जंक्शन

भाऊ, नदी निवडली एकदम बरोबर. पण किलोमीटर नंतर मोजा, आधी पाणी पाहा. वर पवनी तालुक्यात गोसेखुर्द आहे, ३३ दारांचं धरण, आणि इकडं नदीला किती पाणी राहणार ते बरंचसं तिथूनच ठरते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसेखुर्दची दारं उघडली आणि तुमच्याच तालुक्यातल्या गावांमध्ये पाणी घुसलं, ते तर तुम्हाला सांगायलाच नको. म्हणून पावसाळा आणि त्याला लागून असलेले दिवस विषयच सोडा. डिसेंबरमध्ये उलटा प्रश्न येतो, पात्र मोठं पण पाणी दोन-तीन धारांमध्ये वाटलेलं, मधात रेतीचे दांडे. ज्या धारेला ओढ जास्त ती धरायची, रुंद दिसते म्हणून उथळ धारेत शिरले की उतरून ओढत न्यावं लागते, आणि खडकावर घासलं की हवेच्या कयाकचं बूड फाटते.

आता वेळेचं. तलावात तुम्ही तासाला पाच किलोमीटर मारत असाल, पण सामान लादलेली हवेची कयाक दिवसभर चालवायची म्हटलं तर तीन-साडेतीनच धरा. म्हणजे पंचवीस किलोमीटरला सात-आठ तास नुसतं वल्हवणं, त्यात जेवण, फोटो, रेतीत अडकणं वेगळंच. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसातला उगवते अन् साडेपाचला बुडते, सकाळी नदीवर धुकं असते त्यामुळे आठच्या आधी समोरचं नीट दिसत नाही. दुपारून समोरून वारा सुटला तर हलक्या कयाकला पाणी पुढं नेते आणि वारा मागं ढकलते. म्हणून माझं मत, आख्खा टप्पा पहिल्याच खेपेला नका धरू. आधी एका रविवारी मोटरसायकलनं काठाकाठानं फिरा, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नदीपर्यंत येते असे मधातले दोन घाट पाहून ठेवा, मोबाईलच्या नकाशावर खूण करा. दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर पोचले नाही तर मधातच निघायचं, हे घरूनच ठरवून निघा, नदीवर वाद नको.

अंभोरा सुंदर आहे, नवीन पूल पण पाहण्यासारखा, पण ते गोसेखुर्दचं बॅकवॉटर आहे, म्हणजे धरणामागं साचलेलं पाणी. वारा सुटला तर उघड्या पाण्यावर लाटा उठतात, आडोसा नाही. शिवाय नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे तिथंच येते. नदीसारखी नदी वाहताना पाहायची असेल तर धरणाच्या खालीच या.

माळढोक_नाही_सुरय

दादा, मी गडचिरोलीची, पक्षी पाहायला नदीवर नेहमी जाते. डिसेंबर निवडला ते फार चांगलं केलं. चक्रवाकाच्या जोड्या रेतीवर बसलेल्या दिसतील, लांबूनच केशरी रंग ओळखू येतो, आणि नशीब असलं तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. वल्हं बंद करून नुसतं धारेवर वाहत राहिलात तर ते बरंच जवळ येऊ देतात, बोलत-हसत गेलात तर खूप आधीच उडतात.

पण पुढं मार्च ते मे मध्ये परत यायचा बेत झाला तर रेतीच्या दांड्यांवर कृपा करून उतरू नका. नदी सुरय उघड्या रेतीवरच अंडी घालतो. अंडं रेतीच्याच रंगाचं, त्यावर ठिपके, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि पक्षी उडाला की उन्हात अंडं भाजून निघतं. जगभरात हा पक्षी कमी होत चाललाय, आपल्या नदीवर अजून आहे तर तो टिकलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, जंगलाचं. वडसा, आरमोरी, ब्रम्हपुरी तिन्हीकडे वाघ आहे. १३ माणसं मारणारा सीटी-१ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागातच पकडला होता. २०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यात रानहत्ती पण आहेत. घाबरवायला नाही सांगत, फक्त काठाच्या झुडपी जंगलात एकट्यानं जाऊ नका, लघवीलासुद्धा. जेवायला थांबायचं तर चारही बाजूंनी दिसेल अशा मोकळ्या रेतीवर थांबा आणि ओल्या रेतीत पंजे दिसले तर मुक्काम पुढं हलवा.

डोहातला_डोंगा

मी ढिवराचा पोरगा, माहे बाबा अजून डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवतात. वरच्यांनी सांगतलं ते बरोबर आहे जी, मी फक्त पाण्यातलं सांगतो.

पहिले जाळे. पाण्यावर रिकाम्या बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे एका लाइनीत दिसले का समजून जा खाली जाळं लावलं आहे. त्याच्यावरून कयाक नेली का वल्हं फसते, कयाक आडवी होते, आन् आमच्या माणसाचं जाळं फाटते ते वेगळंच. लाइनीच्या टोकाकडून, काठाला धरून जा. डोंगेवाला दिसला तर आवाज द्या, तो हातानं रस्ता दाखवते, पुढं कुठं खडक आहे तेही सांगते.

दुसरं, रेती काढल्याचे खड्डे. हे लय महत्त्वाचं आहे भाऊ. घुडघाभर पाणी दिसते म्हणून माणूस कयाकीतून उतरते, चार पावलं चालते आन् पाचवं पाऊल डोक्याच्या वर खोल. रेतीघाटाजवळ, जिथं ट्रॅक्टरच्या चाकाचे निशाण दिसतील तिथं उतरूच नका. बाकी कुठंही उतरलं तरी पहिले वल्हं खाली टोचून पाहा, मंग पाय टाका.

तिसरं, बंधारा नाहीतर रपटा (पाण्यालगतचा बुटका पूल) आडवा आला तर वरून उडी मारायचा नाद नको. खाली पाणी गोल फिरते, पडलेल्याला परत परत आत ओढते, पोहता येणाऱ्यालेही सोडत नाही. दूरूनच काठाला लागा, कयाक डोक्यावर घ्या, खाली जाऊन पुन्हा टाका.

आन् जॅकेट. अंगात पाह्यजे, बेल्ट आवळून, कयाकीत ठेवलेलं कामाचं नाही. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडाले निघालेल्या बायांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला, सहा जणी गेल्या. २०२१ ले वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत एकाच घरचे अकरा. थंडीतलं शांत पाणी पाहून माणसाले वाटते काही होत नाही. तुमी चारही जण पट्टीचे पोहणारे असले तरी जॅकेट घालूनच बसा, तुमच्या घरच्यांसाठी सांगतो.

ब्रम्हपुरीचा_पोट्टा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच एवढं कोणी नीट सांगितलं नव्हतं. मग ठरलं, आधी मोटरसायकलनं घाट पाहून येतो आणि पहिल्या खेपेला मधल्या घाटापर्यंतच. रेतीच्या खड्ड्यांचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. आता दोनच गोष्टी राहिल्या, कोणाला सांगून जायचं आणि गाडी परत आणायचं कसं करायचं? आणि प्राणहितेचं काय, त्या मित्राला काय सांगू?

वडसा_जंक्शन

आदल्या दिवशी वडसा आणि आरमोरी दोन्ही पोलीस ठाण्यात सांगून ठेवा, किती जण, कुठून कुठं, किती वाजता निघणार. वनविभागाच्या ऑफिसातही सांगा, हत्ती किंवा वाघ त्या पट्ट्यात असला तर तेच पहिले सांगतील, आणि ते नाही म्हणाले तर त्या रविवारी राहू द्या. गोसेखुर्दमधून पाणी सोडणार आहेत का तेही तेव्हाच विचारा. घरी एका माणसाजवळ पूर्ण प्लॅन लिहून द्या, संध्याकाळी सहापर्यंत फोन नाही आला तर त्यानं ११२ लावायचं. फोन दोन तरी पाहिजे, वेगवेगळ्या कयाकमध्ये, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधून.

गाडीचं सोपं आहे. एक मोटरसायकल सकाळीच निघायच्या घाटाजवळच्या गावात, ओळखीच्या घरी ठेवा. उतरलं की एकानं तिच्यावर वडश्याला जाऊन गाडी आणायची, तोवर बाकीच्यांनी कयाकची हवा काढून वाळवून ठेवायच्या. गुंडाळलेली कयाक काळी-पिवळीतसुद्धा बसते.

प्राणहिता चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळून सुरू होते, पात्र यापेक्षा कितीतरी मोठं, अलीकडे आपलं अभयारण्य, पलीकडे तेलंगणा, आणि अडचण आली तर माणूस पोचायला वेळ लागतो. मित्राला सांगा, वडसा-आरमोरी पूर्ण टप्पा उजेडात आरामात होऊ लागला की मग चपराळ्याचं पाहू. तेव्हा मला पण सांगा, मी येतो.