नोबल नाण्यावर राजा जहाजात का उभा आहे?

मंडळी, इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याच्या सोन्याच्या नोबलचा मोठा फोटो बघत बसलोय. राजा चक्क जहाजात उभा, हातात तलवार नि ढाल, जहाज त्याच्यापुढे होडीएवढं दिसतंय. जहाजच का? आणि कडेची काही अक्षरं दोनदा उमटल्यासारखी आहेत, मग नाणं नकली समजायचं का?

प्रतिसाद १
जहाजाचं म्हणाल तर बहुतेक जण १३४० च्या स्लुइसच्या लढाईकडे बोट दाखवतात, तिथे एडवर्डने फ्रेंच आरमाराचा पार धुव्वा उडवला आणि नोबल आलं १३४४ ला. पण मला विचाराल तर खरी गोष्ट ढालीवर आहे. नीट बघा, चार घरं आहेत, दोनात इंग्लंडचे सिंह, दोनात फ्रान्सची लिलीची फुलं, म्हणजे फ्रान्सचं तख्तही माझंच! १३६० च्या तहानंतर नाण्यावरच्या किताबातून फ्रान्सचं नाव काढलं होतं, १३६९ ला पुन्हा युद्ध पेटलं तसं ते परत आलं.

प्रतिसाद २
डबल अक्षरांवरून लगेच नकली म्हणू नका हो. ही नाणी हाताने पाडलेली. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का रोवलेला, त्यावर सोन्याची चकती, वरचा ठसा हातात धरून हातोडा हाणायचा, दोन घावांच्या मध्ये ठसा जरासा सरकला की अक्षर दोनदा उमटतं. त्यात नोबल पातळ आणि रुंद, म्हणून दाब सगळीकडे सारखा बसत नाही. मला तर ही नाणी याच कारणाने आवडतात, त्या माणसाचा हात दिसतो. वजन मात्र बघाच, कडा कातरून सोनं चोरायचे.

प्रतिसाद ३
मागची बाजू पण टाका ना. तिथे फुलांनी सजवलेला क्रूस आणि भोवती लॅटिनमध्ये बायबलमधली ओळ असते, येशू त्यांच्यामधून वाट काढत निघून गेला अशा अर्थाची. चोरांपासून ही ओळ वाचवते असं तेव्हा लोक मानायचे. नोबल म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स, पौंडाचा बरोबर तिसरा हिस्सा. पुढे एडवर्ड चौथ्याने त्याच किमतीला एंजल काढलं, त्यावर ड्रॅगनला मारणारा सेंट मायकेल, आणि जहाज गेलं मागच्या बाजूला, डोलकाठीच्या जागी क्रूस.

मूळ प्रश्नकर्ता
आत्ता परत झूम करून बघितलं, जिथे अक्षरं डबल आहेत त्याच बाजूचे जहाजाचे दोरखंड पण डबल आहेत, आणि सरकलेत पण एकाच दिशेला!! मागच्या बाजूचा फोटो मिळतो का बघतो.