चांग-ईने औषध चोरलंच होतं, ते झाकता कशाला?

धागाकर्ती: नऊ सूर्य पाडणारा धनुर्धर यी पश्चिमेच्या राणीमातेकडून अमरत्वाचं औषध आणतो आणि त्याची बायको चांग-ई ते पिऊन चंद्रावर जाते. चीनच्या चंद्रदेवीची ही गोष्ट हल्ली मुलांना सांगतात ती अशी: यीचा शिष्य फंग मंग औषध हिसकवायला घरात शिरला, म्हणून तिने नाइलाजाने ते पिऊन टाकलं. मला ही सारवासारव वाटते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या 'ह्वाइनानत्झ' या चिनी ग्रंथात सरळ लिहिलंय की तिने ते चोरलं आणि चंद्रावर पळाली. बाईला स्वतःसाठी अमर व्हावंसं वाटलं, हे इतकं अवघड जातं का पचायला?

प्रतिसाद १: ताई, नाही पटलं. मी सिंगापूरला राहतो. आठव्या चिनी महिन्याच्या पौर्णिमेला शेजारच्या आजी गॅलरीत पपनस आणि मूनकेक मांडतात, पोरं कंदील घेऊन खाली फिरतात. त्या आजी काय चोरासाठी ताट मांडतात? आणि आणखी एका कथेत यी राजा होऊन जुलमी बनतो. तो अमर झाला तर प्रजेचं काय, म्हणून ती पिते. तिथे तर ती नवऱ्याच्या विरोधात उभी आहे!

धागाकर्ती: विरोधात आहे, मान्य. पण तिथेही तिला स्वतःला काही नकोच असतं, सगळं प्रजेसाठी. तांग राजवटीतल्या ली शांगयिन या कवीची चार ओळींची कविता वाचा. मेणबत्तीची गडद सावली, मावळत चाललेल्या चांदण्या, आणि औषध चोरल्याचा तिला पस्तावा होत असेल हा विचार. चोरी काढून घेतलीत तर त्या कवितेत उरतं काय?

प्रतिसाद २: पस्तावा कवीच्या मनातला, तिचा कशावरून? चीनने आपल्या चांद्रयानांना तिचंच नाव दिलं. २०१३ साली चांग-ई ३ सोबत उतरलेल्या गाडीचं नाव युतू, म्हणजे कथेत चंद्रावर तिच्यासोबत राहणारा जेड दगडाचा ससा. २०२४ मध्ये चांग-ई ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती आणली. देशाने ज्या नावाचा अभिमान धरलाय, त्यावर चोरीचा शिक्का कशाला?

धागाकर्ती: शिक्का मी मारत नाहीये. ती चोर होती तरी दोन हजार वर्षं लोकांनी तिला चंद्रावरून खाली उतरवलं नाही, याचंच मला अप्रूप आहे.

प्रतिसाद १: असेल. माझ्या लेकीला यंदाही मी फंग मंगचीच गोष्ट सांगणार. ती पाच वर्षांची आहे.