आई-बाबांसाठी थेट विमान की मधे थांबा?

परभणीकर:
ताईचं बाळंतपण न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला आहे. आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसायलेत, दोघंही साठीपुढचे. भाऊजी म्हणतात, दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडतं. मला मुंबई-न्यूयॉर्क थेटच पटतं. १५-१६ तास बसणं जड जाईल, मान्य. पण एकदा बसवून दिलं की उतरायचं ते लेकीपाशीच. अपरात्री परक्या विमानतळावर पुन्हा तपासणी, पुन्हा गेट शोधणं, हे त्यांच्यामागं कशाला लावायचं?

नांदेडवाला:
दादा, मुंबईपर्यंतचा प्रवास धरलाच नाही तुम्ही! देवगिरी एक्सप्रेसमधे रात्रभर, मग टॅक्सी, मग विमानतळावरचे तीन तास. आमच्याकडून हैदराबाद २८० किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुप्पट. परभणीलाही तेच जवळ. तिथून दुबई चार तास. आईचे गुडघे धरतात, म्हणून मी थांबाच निवडला. व्हीलचेअर सांगून ठेवली होती, माणूस गेटपर्यंत सोडून गेला.

परभणीकर:
चार तासांनी पाय मोकळे होतात, पण दुबईहून न्यूयॉर्क पुन्हा १४ तास. गुडघ्यांना फायदा काय झाला?

लातूरची सून:
हे अगदी खरं. पायांसाठीच थांबायचं तर लंडन बरं. मुंबईहून साडेनऊ-दहा तास, पुढं अटलांटिक ओलांडायला आठ. येताना वारा पाठीशी असतो, तासभर कमीच लागतो. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथं विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही.
फक्त तिकीट एकच काढा, दोन तुकड्यांत नको. माझ्या सासऱ्यांची तिकिटं वेगवेगळी होती. पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं गेलं. दुसऱ्या कंपनीनं हात वर केले, नवं तिकीट काढावं लागलं. सासरे रात्रभर खुर्चीवर बसून होते. एकाच तिकिटावर असते तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं.

नांदेडवाला:
एका तिकिटाचं पटलं. पण थेट विमानातसुद्धा दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. मधल्या वाटेकडेची सीट आधीच घेऊन ठेवा.

परभणीकर:
वाटेकडेच्या दोन सीट घेतो, एक अलीकडची, एक पलीकडची. देवगिरी कल्याणला थांबते, तिथं मामा राहतात. एक दिवस आधी नेऊन त्यांच्याकडं झोपवतो. विमान मात्र थेटच. पैशाचं भाऊजींशी मी बोलतो.