खाडीच्या चिखलात भरपूर किडे, म्हणजे पाणी चांगलं का?

ऐरोलीची_बाई:
नववीच्या मुलांना घेऊन ओहोटीला ठाणे खाडीवर गेले होते. नाल्याच्या तोंडाशी तिवरांखालचा मूठभर चिखल काढला, तर सुतासारखे लाल किडे नुसते वळवळत होते. मुलं म्हणाली, "बाई, एवढे जीव जगतायत म्हणजे पाणी चांगलंच!" मला पटेना, पण कारणही सांगता येईना.

चिखलवाट:
ताई, शंका रास्त आहे. किडे किती यापेक्षा जाती किती ते बघा. सांडपाण्याचा गाळ कुजताना चिखलातला ऑक्सिजन संपतो. नाजूक जीव आधी जातात. एकदोन चिवट जाती उरतात आणि वाटेकरी नसल्याने बेसुमार वाढतात. कॅपिटेला नावाचा कृमी यासाठी जगभर ओळखला जातो. लाल रंग बहुधा हिमोग्लोबिनचा, त्याच्याच जोरावर ते तगतात. तुमचे किडे नेमके कुठले, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरवू नका.

बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं सांगतं, भरती आली की ते बदललं. चिखलातले जीव फारसे हलत नाहीत, महिनोन्महिने तिथेच सोसतात. म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

पण तिवरांखालचा चिखल स्वच्छ खाडीतही काळा असतो, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. पानं तिथेच कुजतात, हवा आत शिरत नाही. तेवढ्यावरून 'प्रदूषण' लिहून मोकळं होणारे अहवाल वाचले की जीव तुटतो. तुलना हवीच. एक जागा नाल्यापाशी, एक लांब; चिखल आणि खारेपणा शक्य तितका सारखा, ओहोटी एकच. दोन्हीकडे 25 सेंमीच्या चौकोनातला 15 सेंमी खोल चिखल काढा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत खाडीच्याच पाण्याने धुवा आणि उरलेले जीव जातवार मोजा. पावसाळ्यातले आकडे उन्हाळ्याशी ताडू नका, नुसत्या गोड्या पाण्यानेही कित्येक जीव मरतात.

खाडीवाला_कोळी:
आईच्या वेळेस आमच्या बाजूला बायका टोपल्या घेऊन शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जायच्या. आता पाय घातला की नुसता गाळ. निवटी मात्र अजून दिसते. मग पाणी बरं म्हणायचं का?

चिखलवाट:
दादा, निवटीवरून ठरवू नका. ती मासळी आहे, ओल्या कातडीतून हवेतला ऑक्सिजन घेते. पाणी बिघडलं तरी निभावून नेते. शिवली चिखलात रुतून पाणी गाळून खाते, पाण्यात येईल ते तिच्या अंगात उतरतं. ती गेली ही मोठी खूण. नुसता गाळ साचूनही ती जाते, त्यामुळे सगळा दोष सांडपाण्यावर लगेच टाकता येणार नाही.

आईंना विचारून त्या जागा नकाशावर मांडाल का? तिथला चिखल चाळताना जुने रिकामे शिंपले निघाले तर तेही जातवार मोजायचे. आधी काय होतं ते त्यातूनच कळेल.

आणि ताई, खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चिखल काढण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करा, तुम्हाला जवळच पडेल.

ऐरोलीची_बाई:
उद्याच जाते. दादा, शिवल्यांच्या जागा कळवाल ना? मुलांना दुसरी जागा तिथलीच देते.