सौर प्रकल्पावर सिव्हिलच्या इंटर्नला नक्की काय काम असतं? (सोलापूर)

तिसरं_वर्ष_सिव्हिल
परीक्षा मेच्या मध्यात संपते, त्यानंतर सहा आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतल्या (शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी योजना) एखाद्या लहान प्रकल्पावर जायचा विचार आहे. वर्गातली पोरं म्हणतात, तिकडं सगळं इलेक्ट्रिकलवाल्यांचं, तू नुसता सावलीत बसणार. खरंच काम असतं का? अर्ज कुणाकडं करायचा? आणि अहवालात मांडता येईल असं काय मोजायला मिळेल?

ओळंबा
सावलीत बसायला साइटवर सावली असते कुठं! पॅनल चढेपर्यंत बहुतेक गडबड जमिनीखालचीच असते, आणि ती सिव्हिलची.

हिशेब धर. १ मेगावॉट एसीला (वीजवाहिनीत जाणारी क्षमता) १.४ मेगावॉट डीसी (सगळ्या पॅनलची मिळून क्षमता) धरू. ५५० वॉटची पॅनल म्हणजे सुमारे २,५४५ नग. एका टेबलावर (पॅनल बसवायचा लोखंडी सांगाडा) २८ पॅनल, म्हणजे ९१ टेबलं. टेबलाला ५ पाय धरले की ४५५ पाइल (पाय रोवायचे काँक्रीटचे खांब, जमिनीखाली). ३०० मिमी व्यासाचा, १.५ मीटर खोल खड्डा ०.१०६ घनमीटर भरतो, सांडलवंड धरून ०.१२. मेगावॉटमागं ५५ घनमीटर काँक्रीट झालं. एम२० ला (काँक्रीटची एक प्रत) घनमीटरमागं सिमेंटची ८ पोती धरली तर ४४० पोती. डिझाइनप्रमाणं आकडे बदलतील, पण तुझ्या साइटच्या ड्रॉइंगवरून पहिल्याच दिवशी हा हिशेब काढ. खर्ची पडलेली पोती बरीच कमी भरली तर खड्डे उथळ आहेत नाहीतर सिमेंट कमी पडतंय. दोन्हींचा छडा लावण्यासारखा आहे.

उथळ खड्डा का होतो तेही सांगतो. ट्रॅक्टरचा ऑगर (खड्डा पाडायचा मोठा गिरमिट) ६०-७० सेंमीवर खडकाला टेकतो. पुढं जायचं तर ड्रिलिंगचं वेगळं यंत्र, वेगळं भाडं, एक दिवस वाया. मग कुणीतरी कटर काढतो आणि पोस्ट (टेबलाचा लोखंडी पाय) खालून कापतो. वरून बघशील तर सगळी रांग एका रेषेत, ऑटो लेव्हल (उंची तपासायची दुर्बीण) लावलीस तरी काही कळणार नाही. एकदा काँक्रीट ओतलं की पुरावा गाडला गेला. म्हणून ओतायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात १० सेंमीवर खुणा केलेली सळई सोडून खोली लिही. तळाशी सुटी माती असेल तर ती काढल्यावर मोज, नाहीतर सळई त्या मातीवरच टेकते. आणि संध्याकाळी भंगाराच्या ढिगाकडं एक चक्कर मार. तिथं पोस्टचे ३०-४० सेंमीचे ताजे तुकडे दिसले की कुठल्या रांगेतले ते विचार.

काळं_रान
वरचं बरोबर आहे, पण ते सांगोल्याकडच्या माळाचं झालं, जिथं वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात उलटी गंमत. तिथं ऑगर लोण्यात गेल्यासारखा जातो आणि म्हणूनच फसगत होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये भेगांत हात जातो. पाइलभोवतीची माती सुटली की वाऱ्याच्या उचलीला घर्षण मिळत नाही. पावसाळ्यात तीच माती फुगून पाइलला वर ढकलते. १.५ मीटर खोली सगळीकडं सारखी दाखवलेली असेल तर जागेवरच्या मातीचा अहवाल मागून बघ. खोल काळीत खाली बल्ब असलेली अंडर-रीम्ड पाइल घेतात, साधारण ३.५ मीटरपर्यंत. त्यासाठी भारतीय मानक आयएस २९११ चा भाग ३ वाच.

तुझ्या अहवालाला फ्री स्वेल इंडेक्स चाचणी (माती पाण्यात किती टक्के फुगते ती) बेस्ट. कॉलेजच्या लॅबमध्ये होते. ओव्हनमध्ये वाळवलेली, ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात केरोसीन, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे, २४ तासांनी दोन्ही वाचायची. फरक भागिले केरोसीनमधलं वाचन, गुणिले १००. नमुना मात्र वरच्या फुटभर मातीचा नको, ०.५, १ आणि १.५ मीटरचे वेगवेगळे घे.

पुल-आउट चाचणी (पाइल जॅकनं वर ओढून बघायची) चालू असेल तर तिथून हलू नकोस. डायल गेजचा (पाइल किती हलली ते मोजणारा काटा) आधार पाइलपासून लांब, न हलणाऱ्या जागी आहे का बघ. जॅकच्या पायालाच गेज अडकवला तर वाचन निरर्थक. आणि कोरड्या मातीतला निकाल ऑगस्टमध्ये तसाच लागू पडेल असं धरू नकोस.

तिसरं_वर्ष_सिव्हिल
धन्यवाद दोघांनाही. अर्जाचं आणि काँक्रीटची ताकद तपासायला भरतात त्या क्यूबचं (ठोकळ्यांचं) कुणी सांगेल का?

पाटी_घमेलं
महावितरणच्या ऑफिसात अर्ज देऊन बसू नकोस. प्रकल्प विकासकाचा, बांधणारा ईपीसी ठेकेदार (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम सगळं बघणारा), पाइलचं काम बहुतेक वेळा त्याच्या पोटठेकेदाराकडं. पत्र ईपीसीच्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या नावे जावं: कॉलेजचं बोनाफाइड, तारखा, अपघात विमा. ‘सौरऊर्जा शिकायची आहे’ असं लिहिलंस तर बाजूला पडेल. ‘पाइल रजिस्टर, लेव्हल आणि क्यूबच्या नोंदी ठेवू शकतो’ असं लिही. स्टायपेंडची आशा धरू नकोस, पण राहायची आणि जायची-यायची सोय आधी विचारून घे. साइट एसटी थांब्यापासून लांब असते.

क्यूबचं: आयएस ४५६ प्रमाणे दिवसाचं काँक्रीट ५ घनमीटरपर्यंत असेल तर १ नमुना, ६ ते १५ ला २. एका नमुन्यात ३ क्यूब, २८ दिवसांचे. ७ दिवसांचा निकाल हवा तर जादा भर. ५० पाइल ओतले की ६ घनमीटर होतात, म्हणजे ६ क्यूब. साच्याला तेल लाव, तीन थरांत भर, बाहेर तारीख आणि रांग नंबर लिही. पाण्याच्या टाकीत ठेव, नुसतं ओलं पोतं टाकून भागत नाही.

मे महिन्यात खरी भानगड पाण्याची. नॉमिनल (ठरलेल्या प्रमाणात मिसळलेल्या) एम२० ला पोत्यामागं ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. उन्हात माल आखडला की मिस्त्री तिसरी ओततो, त्याला खड्ड्यात माल सरकायला हवा असतो. ती तिसरी थांबवायची असेल तर खडी आदल्या रात्रीपासून ओल्या पोत्यानं झाक आणि ओतणं सकाळी दहाच्या आत उरकायला लाव. टोपी आणि पाण्याची बाटली स्वतःची ने.

ओळंबा
वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्या ३० लिटरातनं वजा. आणि ऑगरचे खड्डे रात्रभर उघडे ठेवू देऊ नकोस. वळवाचा एक पाऊस आला की काळीत कडा ढासळतात, सकाळी सगळे परत मोजावे लागतात.