हायवेवर सायकल चालवणारे, आपापले अनुभव इथं लिहा (मराठवाडा)

दिवाळीनंतर ऊस सुरू होतो आणि आपले रस्ते पार बदलून जातात. नवीन सायकलवाले याच थंडीत बाहेर पडतात. म्हणून हा धागा. नुसतं 'जपून चालवा' नको; काय करायचं, किती अंतर ठेवायचं आणि का, ते लिहा. समृद्धीवर सायकलला बंदी आहे, तो विषय नको.

बीड बायपासवाला
कडेला चिकटून चालवू नका. डांबराच्या काठापासून दोन-अडीच फूट आत राहा. काठाला चिकटलं की मागचा ड्रायव्हर त्याच लेनमधून गाडी काढायला बघतो आणि खड्डा चुकवायला आपल्याला डावीकडे जागाच उरत नाही. रुंद डांबरी शोल्डर (पांढऱ्या पट्टीबाहेरची कडेची जागा) असेल तर पट्टीच्या डावीकडून चला. पण अरुंद पुलापाशी शोल्डर संपतो. तिथं पन्नास-साठ मीटर आधीच मागं बघून, हात दाखवून लेनमध्ये यायचं, ऐनवेळी घुसायचं नाही.

साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली असली की खरा घात परत वर चढताना होतो. तिरकं चढवायला गेलं की पुढचं चाक काठाला घासत राहतं, हँडल वळत नाही आणि माणूस उजवीकडं, गाड्यांच्या अंगावर पडतो. खाली उतरलात तर पायडल थांबवा, हँडल सरळ धरा, थांबा, आणि सायकल उचलून वर घ्या.

लातूरकर
एकाच ट्रॅक्टरमागं जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांबद्दल. ट्रॅक्टरचा वेग जवळपास सायकलएवढाच, त्यामुळे ओव्हरटेक लांबत जातो आणि तेवढा वेळ आपण समोरच्या गाड्यांच्या तोंडावर असतो. ट्रॉली डुलते, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते, म्हणून ट्रॅक्टर आणि कड यांच्या फटीत कधीच शिरू नका. मागंही चिकटू नका, मोळी सुटते. सरळ थांबा, पाणी प्या, त्याला जाऊ द्या. अंधारात बऱ्याच ट्रॉल्यांना मागं ना लाल दिवा असतो ना रेडियम.

परभणी, काळ्या रानातून
पाऊस पडून गेल्यावर शेतातून ट्रॅक्टर वर आला की डांबरावर चिखलाचा पट्टा उमटतो. पट्ट्याच्या आधी वेग कमी करा; पट्ट्यात ब्रेकही नाही, वळणही नाही. ही माती मडगार्ड आणि टायरच्या मधे भरून चाक जाम करते. काडीनं तिथल्या तिथं काढा, वाळली की दगड होते.

जालना
कडेला वेड्या बाभळीचे काटे असतात. जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), पंप सोबत ठेवा. पंक्चर काढायला रस्त्यापासून लांब, झाडाखाली जा.

धाराशिव ५२
उजवीकडून वारा असताना आपण नकळत उजवीकडं झुकलेलो असतो. ट्रक शेजारी आला की वारा अडतो आणि सायकल ट्रककडंच जाते. मागून ट्रकचा आवाज आला की कोपर सैल सोडा, झुकणं कमी करा. ट्रक पुढं गेल्यावर वारा परत धडकतो, तोवर हँडल सोडू नका.

नांदेडची ताई
मागचा लाल दिवा सीटखाली लावला की बॅग किंवा जर्किनच्या मागं झाकला जातो. लावल्यावर दहा पावलं मागं जाऊन बघा. घोट्याला रेडियमची पट्टी बांधा. वरखाली हलणारा ठिपका दिसला की ड्रायव्हरला सायकल ओळखू येते. दादा, राँग साइडनं कडेकडेनं येणाऱ्या मोटरसायकलींचं काय करता?

बीड बायपासवाला
ताई, उजवीकडं अजिबात वळायचं नाही. मागं काय आहे ते तेवढ्या वेळात बघून होत नाही. वेग कमी करा, घंटी वाजवा, डाव्या काठाला येऊन थांबा. त्याला उजव्या बाजूनं जाऊ द्या. मागून येणाऱ्या गाड्या त्याला समोर दिसत असतात, आपल्याला नाही. आणि उजव्या हँडलला आरसा बसवून घ्या.