पुल-अप शून्य म्हणजे खेळाडू शून्य?

डावखुरा : ड्राफ्टच्या (क्लब नवे खेळाडू क्रमाने उचलतात त्या निवडीच्या) तोंडावर एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी लीग, सतरा-अठरा वर्षांची निवडक पोरं बफेलो शहरात चाचणीला गोळा करते. ३० सेकंद जीव तोडून सायकल मारायची (विंगेट चाचणी), तोंडाला मुखवटा लावून ऑक्सिजन मोजून घ्यायचा, मग पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर खेचणं), लांब उडी, मुठीची ताकद. पायात स्केट नाहीत, समोर पक (खेळातली रबरी चकती) नाही, आणि म्हणे आइस हॉकीची पारख!

सॅम बेनेट घ्या. २०१४ मध्ये लीगच्याच स्काउटिंग यादीत उत्तर अमेरिकेतल्या स्केटर्समध्ये (गोलकीपर सोडून बाकीचे) पहिला. चाचणीत पुल-अप शून्य. त्याचा केवढा गवगवा झाला! तोच बेनेट २०२५ ला फ्लोरिडाकडून स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, वर प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफीही घेऊन गेला. वैद्यकीय तपासणी ठेवा, बाकीची सर्कस बंद करा.

जिमखाना : साफ असहमत. बेनेटची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २०१४ च्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. तो शून्य काहीतरी सांगत होता, लोकांनी त्याचा अर्थ 'कच्चा गडी' असा लावला, त्यात चाचणीचा काय दोष? आणि कॅल्गरी क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर उचललाच की. क्लब एका आकड्यावर पोरं कापत नाहीत हो. बर्फावरची एक शिफ्ट (बदली होईपर्यंतची सलग पाळी) साधारण ४५ सेकंदांची असते. विंगेटमध्ये सुरुवातीचा जोर किती आणि शेवटी तो किती घसरला, हे दोन्ही दिसतं. शिफ्टच्या शेवटी प्रतिस्पर्ध्याच्या मागे परत धावायचं असतं ना, तिथे हीच घसरण नडते.

डावखुरा : सायकलवर नडते. बर्फावर गुडघा किती वाकतो, स्केटची धार कशी रोवली जाते, यावर अर्धी ताकद कामी येते किंवा वाया जाते. सायकलला धार नसते.

बेंचवरून : दोघेही वय विसरताय. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. म्हणजे एका दिवसाने हुकलेला पोरगा पुढच्या वर्षी येतो, तोवर जवळपास १९ चा असतो. त्याच्या शेजारी नुकताच मिसरूड फुटलेला, १८ ही न भरलेला. दोघांची उडी एकाच तक्त्यात मांडून काय कळणार? मला विचाराल तर अंगात अजून ताकद भरायची असून जो मोठ्यांमध्ये गोल करतोय, तो आधी घ्यावा.



जिमखाना : +१, पण हे माझ्याच बाजूचं झालं. ताकद भरायची बाकी आहे हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

डावखुरा : २०१७ ला केसी मिटेलश्टाटनेही पुल-अप शून्यच काढले होते. तरी आठव्या क्रमांकावर गेला, तोही चाचणी जिथे होते त्या बफेलोच्याच क्लबकडे. क्लबच मनावर घेत नसतील तर मोजता कशाला, बुवा?